चार वाद्यांचें संभाषण

पाश्चात्य संगीताचें नांव काढतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें लष्करी बँड किंवा मोठा वाद्यवृंद उभा राहतो. पाऊणशें-शंभर वादक, पितळी शिंगांचा घोष, नगाऱ्यांचा गडगडाट आणि हातांत छडी घेऊन सर्वांस इशारे देणारा एक चालक, असें तें चित्र असतें. परंतु त्या संगीताचे मर्मज्ञ लोक रचनाकाराची खरी परीक्षा करावयाची झाल्यास एका अगदीं लहानशा मेळाकडे वळतात. दोन व्हायोलिनें, एक व्हायोला व एक चेलो, इतकीच काय ती ह्या मेळाची सामग्री. ह्यास स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात; आपण त्यास तंतुवाद्यांचें चतुष्टय, किंवा थोडक्यांत चतुष्टय म्हणूं. हा शब्द वादकांच्या मेळासही लावतात आणि त्या मेळासाठीं रचलेल्या कृतीसही लावतात. अमेरिकेंतील रचनाकारांनीं लिहिलेल्या कांहीं चतुष्टयांची ओळख विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

व्हायोलिन, ज्यास आपल्याकडील जुनी मंडळी फिडल म्हणत, तें बहुतेकांच्या पाहण्यांतलें आहे. व्हायोला दिसावयास तसाच, पण अंगानें कांहींसा मोठा व आवाजानें षड्ज-पंचमाच्या अंतराइतका खालचा. चेलो वादक खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्यें धरतो. त्याचा आवाज एखाद्या भारदस्त पुरुषाच्या कंठासारखा असतो. चालक नाहीं, नगारा नाहीं, चूक झाल्यास ती झांकावयास दुसरें वाद्य नाहीं. ऑस्ट्रियांतील योसेफ हायडन (१७३२–१८०९) ह्यानें ह्या प्रकारास रूप दिलें आणि स्वतः अडुसष्ट चतुष्टयें लिहिलीं. तेव्हांपासून लोक ह्या प्रकारास चार सुसंस्कृत गृहस्थांच्या संभाषणाची उपमा देत आले आहेत.

आपल्या कानांस हें संभाषण आरंभीं अवघड जातें, आणि त्याचें कारण उघड आहे. आपल्या मैफलींत तंबोऱ्याच्या स्थिर सुरावर एकच स्वरमालिका फुलत असते. सारंगी किंवा पेटी गवयाच्या मागून जाते, त्याच्याशीं वाद घालीत नाहीं. चतुष्टयांत मात्र चार निरनिराळ्या स्वरमालिका एकाच वेळीं चालतात व त्यांतून एक अर्थ निघतो. ज्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं चार आवाजांत गाइलेलें गीत ऐकलें आहे, किंवा त्यांतील खालचा आवाज स्वतः गाइला आहे, त्यांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं, प्रार्थनागीतांत चारही आवाज बहुधा एकाच शब्दावर एकाच क्षणीं पाऊल टाकतात. चतुष्टयांत प्रत्येकास आपल्या चालीनें चालण्याची मोकळीक असते.

हा प्रकार अमेरिकेंत गेला तो युरोपांतून, तयार होऊन. एकोणिसाव्या शतकांत संगीत शिकावयाचें म्हणजे जर्मनीस जावयाचें, अशी तेथें रूढि होती. जर्मनीहून परत आलेले तरुण जर्मन पद्धतीचीं चतुष्टयें लिहीत आणि तीं व्यवस्थित असत, निर्दोष असत, पण तीं बोस्टनला लिहिलीं कीं लाइप्झिगला हें ऐकणारास सांगतां येत नसे. संभाषणाची रीत तर शिकून झाली. आतां बोलावयाचें काय, आणि कोणाच्या बोलींत, हा प्रश्न उरला होता.

चमत्कार असा कीं, तो प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला एका परदेशी पाहुण्यानें. बोहेमियांतील सुप्रसिद्ध रचनाकार आंतोनिन द्वोर्झाक हा १८९२ सालीं न्यूयॉर्क येथील नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होऊन आला. त्या विद्यालयांत निग्रो विद्यार्थ्यांसही प्रवेश होता. तेथील हॅरी बर्ली नांवाचा तरुण आपल्या लोकांचीं भक्तिगीतें द्वोर्झाकास गाऊन दाखवी. पुढील वर्षीं द्वोर्झाकानें वर्तमानपत्रांतून जाहीरपणें सांगितलें कीं, ह्या देशाचें भावी संगीत ह्याच गीतांच्या पायावर उभें राहिलें पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांस गुलाम करून आणिलें, त्यांच्या गाण्यांत तुमच्या राष्ट्राचें संगीत आहे, असें एका पाहुण्यानें यजमानांस त्यांच्याच घरांत सांगावें, हें धाडसच होतें. अनेकांस तें रुचलें नाहीं.

१८९३ च्या उन्हाळ्यांत तो आयोवा संस्थानांतील स्पिलव्हिल नांवाच्या लहान गांवीं राहावयास गेला. तेथें त्याच्या मायदेशाचे चेक लोक वस्ती करून होते. तो सकाळीं रानांत फिरे, देवळांत ऑर्गन वाजवी आणि आपली भाषा कानीं पडते म्हणून आनंदांत असे. तेथें त्यानें तीन दिवसांत एका चतुष्टयाचा कच्चा आराखडा केला व पंधरवड्यांत तें पुरें केलें. तेंच 'अमेरिकन' ह्या नांवानें जगभर प्रसिद्ध झालें. प्रथम तें वाजविलें तें कोणत्याही सभागृहांत नव्हे, तर गांवांतील शाळामास्तरांच्या घरच्या मंडळींसह. पहिलें व्हायोलिन द्वोर्झाकानें स्वतः घेतलें होतें. आरंभींच व्हायोला जी चाल घेतो ती केवळ पांच स्वरांवर उभी आहे, आणि ते पांच स्वर म्हणजे आपल्या भूपाचेच सा, रे, ग, प, ध होत. म्हणून तेथें भूप राग आहे असें मात्र कोणीं समजूं नये. स्वर तेच असले तरी चालण्याची रीत निराळी आहे. पण आपल्या कानास ह्या चतुष्टयाचें दार लवकर उघडतें, ह्याचें कारण बहुधा हेंच असावें. तिसऱ्या भागांत रानांतील एका पक्ष्याच्या शिळेवरून घेतलेली एक लकेर आहे. ती ऐकून मुलांस गंमत वाटेल.

१ जानेवारी १८९४ रोजीं बोस्टन येथें फ्रान्झ क्नायझेल ह्याच्या नामांकित चतुष्टयानें ही कृति प्रथम जाहीरपणें वाजविली. क्नायझेलचें नांव लक्षांत ठेवावें, कारण आपल्या गोष्टीचा पुढचा नायक त्याच्याच बैठका ऐकून चिडला.

तो नायक म्हणजे चार्ल्स आइव्ह्ज. ह्याचा जन्म १८७४ सालीं कनेटिकट संस्थानांतील डॅनबरी येथें झाला. बाप यादवी युद्धांत बँडमास्तर होता व स्वभावानें मोठा प्रयोगी. तो मुलांस एका पट्टींत गावयास लावी आणि साथ मात्र दुसऱ्याच पट्टींत करी. हेतु असा कीं, मुलांचे कान बळकट व्हावेत. अशा घरांत वाढलेल्या मुलास येल विद्यापीठांत जर्मन पद्धतीचें शिक्षण मिळालें. संगीतावर पोट भरावयाचें म्हणजे लोकांच्या आवडीपुढें मान तुकवावी लागणार, हें ओळखून त्यानें विम्याचा धंदा धरला, त्यांत मोठें यश मिळविलें आणि रात्रीं व सुटीच्या दिवशीं आपल्या मनाजोगें संगीत लिहिलें. असें दुहेरी आयुष्य पेलणें येरागबाळ्याचें काम नव्हे.

त्याचें पहिलें चतुष्टय विद्यार्थिदशेंतील आहे व तें जवळजवळ सर्वस्वीं प्रार्थनागीतांच्या चालींवर रचलेलें आहे. त्यांतील पहिल्या भागाची मुख्य चाल लोवेल मेसन ह्या अमेरिकन गृहस्थानें बांधलेली. तीवर गाइले जाणारे शब्द बिशप रेजिनल्ड हेबर ह्यांचे, जे पुढें कलकत्त्याचे बिशप झाले व १८२६ सालीं ह्याच देशांत वारले. तेव्हां ह्या दूरच्या संगीतांतील एक धागा आपल्याकडेही येऊन पोंचतो.

परंतु खरी मौज त्याच्या दुसऱ्या चतुष्टयांत आहे. क्नायझेलच्या सभ्य बैठकींतून घरीं येतांना आइव्ह्जला वाटे कीं, हें संगीत फार गोड, फार मवाळ झालें आहे. चार जण एकमेकांस 'आपण म्हणतां तें बरोबर' एवढेंच म्हणत बसले आहेत. म्हणून त्यानें १९०७ ते १९१३ ह्या काळांत असें चतुष्टय रचलें कीं ज्यांत चार वाद्यें म्हणजे चार खरे पुरुष आहेत. पहिल्या भागाचें नांव 'चर्चा', दुसऱ्याचें 'वाद', तिसऱ्याचें 'पर्वतांची हांक'. चर्चेंत राजकारण निघतें. कोणी दक्षिणेकडील 'डिक्सी'ची चाल काढतो, तर कोणी उत्तरेच्या सैन्याच्या विजयगीताची, म्हणजे १८६१–६५ चें यादवी युद्ध स्वरांत पुन्हां उकरलें जातें. वादांत दुसऱ्या व्हायोलिनाच्या वांट्यास एका सनातनी, गुळमट गृहस्थाची भूमिका आली आहे. त्यास आइव्ह्जनें रोलो असें नांवही दिलें आहे. हा रोलो मध्येंच मधुर तान घेऊन सर्वांस शांत करूं पाहतो आणि बाकीचे तिघे त्यास हाणून पाडतात. विनोद जरा क्रूर आहे हें खरें. मला तर रोलोची कींव येते, आणि त्या बिचाऱ्याच्या तानेंत वाईट असें कांहीं नाहीं असेंही वाटतें. पण आइव्ह्जला सौम्यपणा आणि दुबळेपणा ह्यांतील भेद कधींच फारसा मान्य नव्हता.

शेवटीं भांडून भांडून चौघे थकतात, हस्तांदोलन करतात, गप्प होतात आणि डोंगर चढून आकाश पाहावयास जातात. हा तिसरा भाग ऐकतांना पूर्वींची सर्व ओबडधोबड चढण सार्थकीं लागली असें वाटतें. चेलो संथपणें खालीं खालीं पावलें टाकीत राहतो, आणि वर व्हायोलिनांत लोवेल मेसनचीच दुसरी एक प्रार्थनेची चाल हळूहळू स्पष्ट होते. चौघांची मतें एक झालीं आहेत काय? मुळींच नाहीं; चारही आवाज शेवटपर्यंत भिन्न आहेत. केवळ सर्वांचे डोळे एका दिशेस लागले आहेत. हें चतुष्टय जाहीरपणें प्रथम वाजलें तें १९४६ सालीं, म्हणजे लिहून झाल्यावर तब्बल तेहतीस वर्षांनीं.

आइव्ह्जचा पैसा ज्या नव्या संगीताच्या प्रसारास लागला, त्यांत एका स्त्रीचें चतुष्टय होतें. रूथ क्रॉफर्ड ही १९०१ सालीं ओहायो संस्थानांत एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मली. रचनाकार म्हणून गुगेनहाइम शिष्यवृत्ति मिळविणारी ती पहिली स्त्री. त्या शिष्यवृत्तीवर बर्लिन येथें राहून तिनें १९३१ सालीं आपलें एकुलतें एक चतुष्टय लिहिलें. वाजवावयास दहा-बारा मिनिटें पुरतात. त्याच्या तिसऱ्या भागांत चाल अशी जवळजवळ नाहींच. चारही वाद्यें लांबलचक सूर धरून बसतात, पण एकाचा सूर मोठा होत असतां दुसऱ्याचा लहान होत जातो, मग तिसऱ्याचा फुगतो, मग चौथ्याचा. समुद्रकांठीं उभें राहून निरनिराळ्या लाटा पाहाव्यात तसा हा अनुभव आहे. चौथा भाग तर गणिताच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावा. त्यांत पहिलें व्हायोलिन एका बाजूस व उरलेलीं तीन वाद्यें एक होऊन दुसऱ्या बाजूस असतात. व्हायोलिन प्रथम एकच सूर बोलतें. तिघे वीस सुरांनीं उत्तर देतात. मग व्हायोलिन दोन सूर, तिघे एकोणीस. असें करीत करीत व्हायोलिन विसांवर पोंचतें व तिघांपाशीं एकच सूर उरतो. तेथून सारें संभाषण उलट्या क्रमानें मागें येतें. कागदावर हें कोरडें वाटेल. ऐकतांना मात्र असें वाटतें कीं, एक भित्रा मनुष्य हळूहळू बोलका होत आहे आणि गर्दी हळूहळू निरुत्तर होत आहे.

ह्यापुढें क्रॉफर्डनें फारसें संगीत लिहिलें नाहीं. संसार, मुलेंबाळें आणि लोकगीतांचा संग्रह ह्यांत तिचीं वर्षें गेलीं. मुलांसाठीं तिनें सिद्ध केलेला लोकगीतांचा संग्रह १९४८ सालीं निघाला व अनेक शाळांतून वापरला गेला. १९५३ सालीं ती वारली.

त्याच वर्षीं वारलेली दुसरी रचनाकर्ती फ्लॉरेन्स प्राइस ही आर्कान्सॉ संस्थानांतील निग्रो घराण्यांतली. द्वोर्झाकानें जें व्हावें म्हणून म्हटलें होतें तें तिनें करून दाखविलें. १९३५ च्या सुमाराच्या तिच्या चतुष्टयाचा तिसरा भाग 'जुबा' नाचाच्या ठेक्यावर आहे. गुलामांच्या हातीं ढोल पडूं नयेत अशी धन्यांची खबरदारी असे. म्हणून ते आपल्या मांड्या, छाती व तळहात ह्यांवरच ठेका धरीत, तो हा जुबा. प्राइसचीं पुष्कळ हस्तलिखितें इलिनॉय संस्थानांतील एका ओसाड घरांत पडून होतीं; तीं २००९ सालीं हातीं लागलीं. अमेरिकेच्या पंक्तींत तिचें पान इतक्या उशिरां मांडलें गेलें, ही गोष्ट त्या देशास भूषणावह नाहीं.

आतां ज्या चतुष्टयाचा एक भाग साऱ्या जगानें ऐकला आहे, पण तो चतुष्टयाचा भाग आहे हें थोड्यांस ठाऊक आहे, त्याकडे वळूं. सॅम्युएल बार्बर (१९१०–१९८१) ह्यानें १९३६ सालीं युरोपांत असतां आपलें चतुष्टय लिहिलें. त्याचा मधला संथ भाग एका अगदीं साध्या चालीचा आहे. ती चाल उडी मारीत नाहीं. जिना चढणाऱ्या थकलेल्या मनुष्याप्रमाणें एकेका स्वरानें वर जाते, थांबते, किंचित् खालीं येते, पुन्हां चढते. ती पहिल्या व्हायोलिनाकडून व्हायोलाकडे व तेथून चेलोकडे जाते, आणि शेवटीं चारही वाद्यें आपल्या उंच स्वरांत एकवटून एकदम थांबतात. त्यानंतरची शांतता हीच ह्या रचनेची सर्वांत मोठी जागा होय. बार्बरनें हा भाग मोठ्या तंतुवाद्यवृंदासाठीं पुन्हां लिहून प्रख्यात चालक तोस्कानिनी ह्याच्याकडे पाठविला. तोस्कानिनीनें एक शब्दही न लिहितां तो परत केला. बार्बर रुष्ट झाला. मागून कळलें कीं, सारी रचना पाठ झाल्यामुळें कागदांची गरजच उरली नव्हती. ५ नोव्हेंबर १९३८ रोजीं ती न्यूयॉर्कहून रेडिओवर वाजली. पुढें १९४५ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या निधनाच्या वेळीं तिचेच सूर रेडिओवरून ऐकूं आले व तेव्हांपासून ती त्या राष्ट्राच्या शोकाची वाणीच होऊन बसली. तरीही माझें मत असें कीं, ती चार वाद्यांवरच ऐकावी. वृंदांत ती सार्वजनिक शोकासारखी वाटते. चौघांत ती एका घरांतल्या दुःखासारखी वाटते.

इलियट कार्टर (१९०८–२०१२) ह्यानें शाळेंत असतांच आइव्ह्जची ओळख करून घेतली होती. त्याच्या पांच चतुष्टयांपैकीं दुसऱ्यास व तिसऱ्यास पुलिट्झर पारितोषिक मिळालें. दुसऱ्यांत (१९५९) प्रत्येक वाद्यास निराळा स्वभाव दिला आहे: पहिलें व्हायोलिन लहरी व दिमाखदार, दुसरें घड्याळासारखें नेमस्त, व्हायोला शोकाकुल, चेलो उतावळा. वादकांनीं नेहमींपेक्षां दूरदूर बसावें, अशी त्याची इच्छा. नवशिक्यानें येथें घाई करूं नये; हें खाणें दांत आल्यावरचें आहे.

ह्यानंतर सभ्य गृहस्थांच्या संभाषणांत युद्ध शिरलें. व्हिएतनामच्या युद्धाच्या दिवसांत, १९७० सालीं, जॉर्ज क्रम (१९२९–२०२२) ह्यानें 'ब्लॅक एंजल्स', म्हणजे 'काळे देवदूत', ही कृति विजेच्या साहाय्यानें आवाज वाढविलेल्या चतुष्टयासाठीं लिहिली. आरंभ अंगावर कांटा आणणारा आहे. सहस्रावधि कीटक घोंघावत येतात, किंवा विमानें येतात, काय म्हणावें तें म्हणा. वादक निरनिराळ्या भाषांत आंकडे उच्चारतात, झांजेच्या जातीच्या मोठ्या थाळ्या वाजवितात. आणि मध्येंच एका भागांत चेलो एकटा गातो व उरलेले तिघे आपलीं वाद्यें बाजूस ठेवून, पाणी भरलेल्या कांचेच्या पेल्यांच्या कडेवरून गज फिरवितात. आपलें जलतरंग ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस कल्पना येईल. मात्र तेथें काडीनें आघात करतात, येथें गज घासतात, म्हणून सूर टणत्कारासारखा न उमटतां धुक्यासारखा पसरतो. ही कृति रेडिओवर ऐकून डेव्हिड हॅरिंग्टन ह्या तरुण व्हायोलिनवादकानें १९७३ सालीं क्रोनोस नांवाचें चतुष्टय स्थापिलें.

त्याच क्रोनोससाठीं स्टीव्ह राइश ह्यानें १९८८ सालीं 'डिफरंट ट्रेन्स', म्हणजे 'निराळ्या आगगाड्या', ही कृति रचली. राइशच्या लहानपणीं त्याचे आईबाप विभक्त झाले. एक न्यूयॉर्कला, एक लॉस एंजल्सला. त्यामुळें १९३९ ते १९४२ पर्यंत ह्या मुलास वारंवार आगगाडीनें खंड ओलांडून जावें लागे. मोठेपणीं त्याच्या मनांत आलें कीं, मी ज्यू आहें; त्याच वर्षीं मी युरोपांत असतों तर निराळ्याच आगगाडींत बसविला गेलों असतों. त्यानें आपली सांभाळ करणारी बाई, आगगाडीवरील एक वृद्ध नोकर आणि नाझींच्या छळछावण्यांतून वांचलेलीं माणसें ह्यांच्या बोलण्याचें ध्वनिमुद्रण जमविलें. मनुष्य साधें बोलतो तेव्हांही त्याचा आवाज चढतो-उतरतो. तो चढउतार राइशनें स्वरांत टिपला व तंतुवाद्यांकडून त्याची हुबेहूब नक्कल करविली. आधीं वाद्य बोलतें, मग त्याच सुरांत माणूस बोलतो. खालून चाकांचा अखंड ठेका चालू असतो आणि शिट्या ऐकूं येतात. अमेरिकेंतील शिट्या लांब व सुरेल. दुसऱ्या भागांत युरोपांतील शिट्या आखूड व किंचाळणाऱ्या. एवढ्या फरकावरून ऐकणारास कळतें कीं आपण कोठें आलों आहोंत.

ज्यांस हें संगीत ऐकण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठीं एक-दोन सूचना. ह्या सर्वांच्या ध्वनिमुद्रिका मिळतात. आरंभ द्वोर्झाकच्या दुसऱ्या, संथ भागानें करावा, मग बार्बर, मग आइव्ह्जचा तिसरा भाग. क्रमच्या कृतीसाठीं दिवसाची वेळ बरी, लहान भावंडें शेजारीं नसावीं. वर्गांतील चौघांनीं एकत्र बसून प्रत्येकानें एकेक वाद्य वांटून घ्यावें व संपेपर्यंत तेवढ्याचाच माग काढावा. नंतर कोणास काय ऐकूं आलें तें एकमेकांस सांगावें. ज्याच्या वांट्यास व्हायोला येईल त्यानें तक्रार करूं नये. द्वोर्झाकानें पहिली चाल त्यालाच दिली आहे, आणि तो स्वतः तरुणपणीं प्राग येथील नाटकगृहाच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षें व्हायोलाच वाजवीत असे.